मोरीमागचा पुदिना

सुगंधी झाडपाल्यातही वरचे आणि खालचे असतात, हे मला आमच्या घरमालकीणकाकूंनी शिकवलं. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवायची सवय काही निवृत्त झालेली नव्हती. कोथरूडला त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले, त्याच आठवड्यात त्यांनी मला हाताला धरून बाग दाखवली. बाग म्हणजे इमारतीभोवतीची हातभर रुंद मातीची पट्टी. पण तिच्यात कोणी कुठे उभं राहायचं हे पक्कं ठरलेलं होतं. फाटकातून आत आल्याबरोबर समोर तुळस, सिमेंटच्या वृंदावनात. तिच्या दोन अंगांना मरवा आणि दवणा, कारण ते देवाच्या हारात जातात. जिन्याच्या बाजूला गवती चहा आणि पानओवा, घरच्यांच्या सर्दीखोकल्यासाठी. कढीपत्ता कुंपणाला. आणि पुदिना इमारतीच्या मागे, मोलकरीण जिथे भांडी घासायची त्या मोरीच्या पाण्यावर.

"त्याला तिथेच मानवतं," काकू म्हणाल्या. "पुढे लावला की माजतो. शिवाय देवाला चालत नाही. पोटाला चांगला आहे हो, पण त्याची जागा ही."

मग त्यांनी पुदिन्याची एक काडी मोडून माझ्या बोटांत दिली आणि फिरवून बघायला सांगितली. दांडा चौकोनी होता. तुळशीचाही चौकोनी, मरव्याचाही, पानओव्याचाही. ही सगळी एकाच कुळातली, त्या म्हणाल्या. हारातल्यांत परका असेल तर दवणा. म्हणजे परका पुढच्या दारी देवाच्या हारात आणि सख्खा मागच्या मोरीवर. मी तसं म्हटलं. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुळ एकच आहे गं," त्या म्हणाल्या, "पण तुळस ती तुळस."

मी हसले. त्या दिवसांत कुठेही, कशालाही हसण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

आमच्या विश्रांतवाडीच्या घरी पुदिना पुढच्या दारात होता. वडील सरकारी कचेरीत होते, क्वार्टर मिळालं होतं, आणि पायरीला लागून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आईने पुदिना लावला होता. तो दिसायला काही खास नव्हता. पानं नखाएवढी, दांडे जांभळे. पण एक पान चुरगाळलं की वास नाकातून थेट कपाळात जाऊन बसायचा. बाजारातला रुंद पानांचा पुदिना आई हातात घेऊन परत ठेवायची आणि भाजीवाल्याला म्हणायची, "याला पालक म्हणून विक."

पुदिना बी पेरून कोणी लावत नाही. त्याची मुळं कोणीतरी कोणाला तरी द्यावी लागतात. आईला ती शेजारच्या खालाने दिली होती. खालाचा नवरा शिंपी होता. तो गेल्यावर काही वर्षांनी ती मुलांकडे कोंढव्याला राहायला गेली. तेव्हा मी दुसरीत होते. जाताना तिने आईला स्वतःच्या कुंडीतली मुळं ओल्या फडक्यात बांधून दिली. मला खालाचा आवाज आठवतो, तिच्या घरचा शीरकुर्मा आठवतो. तिच्या दारात अजून दोन-चार झाडं होती, ती कसली होती हे मला आठवत नाही. आईला आठवतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आमच्या घरात पुदिन्याचा अर्थ रविवार असा होता. रविवारी मटण आणि पाट्यावर वाटलेली पुदिन्याची चटणी. तापात आई पुदिन्याचं पान नाकाशी धरायची. कात्रजच्या घाटातून मावशीकडे जाताना मला एस.टी. लागायची, म्हणून आईच्या पदराच्या गाठीत चार पानं असायची आणि पहिल्या वळणाआधीच ती माझ्या मुठीत यायची. देवाला पुदिना चालत नाही हे आईला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरी देवच नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गोळा करून नदीत सोडले होते आणि त्यांच्या जागी कोट-टायमधली तसबीर लावली होती. दारातली तुळस मात्र उपटली नव्हती. झाडाचा काय दोष, असं ते म्हणाले म्हणे. फक्त तिच्यापुढे दिवा लावायचं बंद झालं, मग पाणी घालायचं विसरायला झालं, आणि एका उन्हाळ्यात ती आपली आपण गेली. त्यानंतर आमच्याकडे तुळस कोणी लावली नाही. मी तुळस पाहिली ती दुसऱ्यांच्या कुंपणांवरून. हिरवी, झुपकेदार, पुढे पणती. तिचा वास कसा असतो हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते नोकरी लागल्यावर. हिंजवडीच्या कंपन्यांची नवलाई नवी होती. विश्रांतवाडीहून तिथे पोचायला इतका वेळ लागायचा की मी कंपनीच्या बसमध्येच लहानाची मोठी होते आहे असं वडील म्हणायचे. म्हणून बसच्या थांब्याजवळ घर बघायला लागले. कोथरूडच्या त्या भागात घर मिळवणं म्हणजे तोंडी परीक्षा असायची. काकूंनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यातून काहीच कळत नाही. मग गाव विचारलं. मग वडील कुठे असतात ते विचारलं. मग, "मांसाहार वगैरे?"

"नाही," मी म्हटलं.

"छान. म्हणजे आपल्यातलेच."

मी हसले. खोटं बोलले नाही, नुसती हसले, असं मी नंतर स्वतःला फार वेळा सांगितलं. पण पहिलं 'नाही' तर खोटंच होतं.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. काकू प्रेमळ होत्या. रविवारी दडपे पोहे वर पाठवायच्या, बसला उशीर झाला तर गॅलरीत उभ्या राहायच्या. "अगं, जेवलीस का?" असं विचारणारं कोणी पुण्याच्या त्या टोकाला आहे याचं मला फार अप्रूप होतं. कंपनीतही मी अशीच कोणातरी आपल्यातलीच होऊन गेले होते. तिथे पुदिन्याला मिंट म्हणायचे आणि त्याचा पाल्याशी काही संबंध उरलेला नव्हता. तो च्युइंगममध्ये असायचा. अमेरिकेशी फोनवर बोलायच्या आधी मुलं घाईघाईने एकेक तोंडात टाकायची, जणू वास तारेतून पलीकडे पोचणार होता. मीही टाकायची. स्वच्छ वाटायचं.

दुसऱ्या वर्षी वडील गेले. क्वार्टर सोडावं लागलं. आईने जवळच्याच चाळीत एक खोली घेतली आणि तिथे पुदिन्याचा डबा, ती तसबीर आणि आई अशा तिघी राहू लागल्या. मला ते सहन होईना. आईने माझ्याजवळ राहावं, एवढं एकच मला त्या काळात मनापासून हवं होतं. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आईला आणायला विचारतेस काय? आण की." मी आईला आणायला गेले आणि रिक्षात बसण्याआधीच नियम सांगितले. मटण नाही. सुकट नाही. 'हाय', 'न्हाई' म्हणायचं नाही, 'आहे', 'नाही' म्हणायचं. आणि कोट-टाय घातलेली ती तसबीर बाहेर लावायची नाही, कपाटात ठेवायची.

आईने सगळं ऐकून घेतलं. आल्या आल्या तिने स्वतःच तसबीर कपाटात ठेवली, साड्यांच्या वर, आणि मला म्हणाली, "दार जरा उघडं ठेव. आत गरम होईल त्यांना."

पुदिन्याबद्दल मी काही बोलले नव्हते. पुदिन्याला काय जात असते, असं मला वाटलं होतं. आईने डबा गॅलरीत ठेवला, पुढे, कठड्याला लागून, जिथे ऊन येतं. आठ दिवसांत तो डब्याबाहेर ओघळून कठड्यावरून खाली डोकावू लागला.

काकूंचे गुडघे दुखायचे, त्या जिना चढत नसत. डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रियेला त्या घाबरत होत्या. नाक मात्र शाबूत होतं. एकदा त्या खाली उन्हात बसल्या होत्या आणि आई बाजारातून येत होती. मी मागेच होते.

"अहो, तुमच्या गॅलरीत हिरवं हिरवं काय दिसतं?" काकूंनी विचारलं. "तुळस का?"

"नाही," आई जपून म्हणाली. "पुदिना आहे."

"पुदिना? असा दर्शनी?" काकू हसल्या. "आणि तुळस मग कुठे ठेवता आपण?"

आईने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण ती माझी वाट बघत होती, हे मला समजलं. मीच बोलावं आणि काय ते बोलावं.

"राहिली हो काकू आणायची," मी म्हटलं. "घर बदलताना गडबडीत राहूनच गेली. या रविवारी आणतेच."

रविवारपर्यंतही मी थांबले नाही. दुसऱ्याच संध्याकाळी बसमधून उतरले, तर थांब्याजवळ झाडंवाल्याची हातगाडी उभी होती. काळ्या पिशव्यांत रोपं ओळीने लावलेली. मी 'तुळस द्या' म्हटलं असतं तर त्याने तुळस दिली असती. पण बसमधल्या दोघी सोबत उतरल्या होत्या, आणि तुळस मागून घेणारी बाई म्हणजे तिला ती ओळखता येत नाही, असं मला उगाच वाटलं. म्हणून मी सराईतासारखी ओळीवरून नजर फिरवली, त्यातलं सगळ्यात टवटवीत, चकचकीत पानांचं, वर तुरे आलेलं रोप उचललं आणि म्हटलं, "हे द्या, कुंडीत लावून." काय सुरेख वास होता! काकूंच्या तुळशीचा वास मी कधी जवळ जाऊन घेतला नव्हता. तुळशीचा वास असा गोडसर असतो तर, असं मनात आलं. इतकी वर्षं आपण कशाला मुकलो, असंही आलं.

घरी जागा एकच होती, उन्हाची. मी आई आंघोळीला गेली असताना डबा उचलला, पुदिना मुळासकट उपटला आणि मागच्या जिन्याने खाली नेला. फेकायचा कुठे? मोरीच्या पाण्यावर काकूंचा रुंद पानांचा पुदिना पसरलेला होता. त्याच्यात टाकून दिला. त्याची जागा ती, असं काकू म्हणाल्याच होत्या. वर येऊन रिकामा डबा मी माळ्यावर ठेवला आणि आईला सांगितलं, "पुदिना वाळला गं. कीड होती मुळात."

आई केस पुसत गॅलरीत आली. तिने नव्या कुंडीकडे बघितलं, वाकली, एका पानाला हात लावला, हात नाकाशी नेला. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"तुळस आहे," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी बसला जायच्या आधी मी गॅलरीत येऊन कुंडीत तांब्याभर पाणी घालायची आणि हात जोडायची. काकू खाली फुलं तोडत असायच्या, त्या वर बघून मान डोलवायच्या. सुरुवातीला हे त्यांच्यासाठी होतं. नंतर त्या खाली नसल्या तरी मी हात जोडू लागले. आई आत चहा घेत बसलेली असायची. ती बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, रुळली.

त्या वर्षी इमारतीला रंग दिला. रंगाऱ्यांनी परांची बांधताना काकूंचं वृंदावन सरकवलं, तुळशीची मुळं दुखावली आणि ऐन दिवाळीत ती वाळून गेली. काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. दरवर्षी तुळशीचं लग्न त्यांच्या अंगणात व्हायचं, सगळ्या इमारतीतल्या बायका यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"अगं, यंदा तुझ्या तुळशीचं लग्न लावू या. खालून बघते मी रोज. माझ्या मेल्या डोळ्यांनाही दिसते इतकी भरलीये."

मला आनंदाने रडू फुटायचं बाकी होतं. हे मी लपवणार नाही. मी कंपनीतून अर्धी रजा काढली. कुंडीला गेरू लावला, चुन्याचे ठिपके काढले, माझी हिरवी खणाची ओढणी तिच्याभोवती गुंडाळली. आईला म्हटलं, तू बोरं-आवळ्यांचं ताट घेऊन ये, आणि जास्त बोलू नकोस. कुंडी मी स्वतः छातीशी धरून खाली नेली. दोन मजले. बायका बाजूला सरकून वाट देत होत्या. उसाचा मांडव घातलेला होता, आंतरपाट धरायला दोघी जणी तयार होत्या. बाकीच्या सगळ्या माझ्यासारख्याच नोकरीवरून धावत आलेल्या, भरजरी साडीखाली पायात ऑफिसची सँडल. कुंडीकडे नीट बघायला कोणाला वेळ नव्हता, आणि नीट बघणारीला दिसत नव्हतं.

काकूंनी हळदकुंकू वाहिलं. मग मायेने झाडावरून हात फिरवला, जसा नवरीच्या चेहऱ्यावरून फिरवतात, आणि तो हात नाकाशी नेला.

त्यांनी परत हुंगलं. मग एक पान बोटांत चुरगाळलं. मी तेव्हाही हसतच होते.

"हा सब्जा आहे," काकू म्हणाल्या.

 आंतरपाट धरलेली एक जण म्हणाली, "सब्जा म्हणजे फालुद्यात घालतात तो?"

"फालुद्यात त्याचं बी घालतात," काकू म्हणाल्या. वर्गात बोलावं तशा शांतपणे. "झाड कबरीवर लावतात. तुळशीला मंजिऱ्या अशा नसतात, पान असं नसतं, वास तर नसतोच असा. पाचवीतली मुलगी सांगेल." मग त्यांनी मान वर केली आणि नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी मला शोधलं. "हे कोणी आणलं?"

आजही मी तो क्षण आठवते तेव्हा वाटतं, मला विचार करायला भरपूर वेळ होता. घाबरून तोंडातून गेलं, असं म्हणायची सोय नाही.

"आईनं," मी म्हटलं. "तिला काही कळत नाही त्यातलं. खेड्यातली आहे ना."

आई ताट घेऊन दोन पावलांवर उभी होती. तिने ते खाली ठेवलं, पदर नीट केला. आणि आठ महिने जपून जपून बोललेली माझी आई तिच्या स्वतःच्या बोलीत बोलली.

"व्हय, मीच आणला," ती काकूंना म्हणाली. "चूक माझी हाय. आमच्यात तुळस ठेवत न्हाईत, ताई. आम्ही बौद्ध हाय. त्यामुळं मला वळकू आली न्हाई."

माझं झाडाबद्दलचं खोटं तिने अंगावर घेतलं आणि दुसरं, मोठं खोटं सगळ्यांसमोर खाली ठेवलं, ताटाशेजारी. काकूंचा चेहरा बदलला नाही. त्या फक्त "असं होय" म्हणाल्या. कोणीतरी धावत जाऊन शेजारच्या इमारतीतून तुळस आणली, वीस मिनिटांत लग्न लागलं. अक्षता सगळ्यांना वाटल्या, आम्हालाही. प्रसादही दिला. कोणी वाईट वागलं नाही. पुण्यात अशा वेळी कोणी वाईट वागत नाही.

वर येऊन मी दार लावलं आणि आईवर तुटून पडले. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्याची माझी हिंमत नाही. सांगायची काय गरज होती, असं म्हटलं. तुझ्यामुळे मला जन्मभर हेच ऐकावं लागणार का, असं म्हटलं. वडिलांबरोबर तू पण, इथपर्यंत वाक्य आलं होतं आणि मी ते पुरं केलं नाही, हाच त्या संध्याकाळचा माझा चांगुलपणा. आई कपाटातून तसबीर काढून टॉवेलात गुंडाळत होती.

"सब्जा हाय ते मला पहिल्याच दिशी कळलं," ती म्हणाली. "खालाच्या दारात हुता. नवऱ्याच्या कबरीवर न्यायची ती दर जुम्म्याला."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडले. "इतके महिने!"

आईने टॉवेलाची गाठ मारली.

"बघत हुते," ती म्हणाली. "तू हात कुटवर जोडतीस ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विश्रांतवाडीला परत गेली. माळ्यावरचा रिकामा डबा तिने मागून घेतला. रिक्षात तसबीर मांडीवर आणि डबा पायाशी. मी बसला उशीर होईल म्हणून खालीपर्यंत गेले नाही.

त्या दिवसापासून काकूंनी मला 'अगं' म्हणायचं सोडलं. त्या मला 'आपण' म्हणू लागल्या. आपला गॅस आला होता. आपलं टपाल आहे. पोहे येईनासे झाले. अकरा महिन्यांचा करार संपायच्या आधी त्या म्हणाल्या, "आपल्याला हिंजवडीतच सोयीचं पडेल. आमच्या पुतण्यालाही जागा हवी आहे." पुतण्या काही आला नाही. पुढे दोन वर्षं ती जागा रिकामी होती, हे मला बसमधून दिसायचं.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकू मागच्या बाजूने भिंत धरत धरत आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यातून चिखल गळत होता.

"पुदिना आहे, मुळांसकट," त्या म्हणाल्या. "मोरीमागे फार माजलाय. घेऊन जा. तुमच्यात लागतो ना."

मी "थँक यू, काकू" म्हटलं आणि हसले.

ती पिशवी मी फेकून द्यायला हवी होती. पण आईकडे रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटत होती. मधल्या महिन्यांत मी तिच्याकडे दोनदाच गेले होते. ती वाईट वागली नव्हती. चहा करून द्यायची आणि बाहेर बघत बसायची. या खेपेला मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि काकूंचं वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं. वाटलं, निदान आम्ही दोघी मिळून त्या बाईला हसू.

आईने पिशवीत हात घातला. वरचे रुंद पानांचे दांडे बाजूला काढून टाकले. खाली चिखलात बारीक पानं होती, नखाएवढी, आणि दांडे जांभळे. तिने एक पान चुरगाळलं. मला तीन हातांवर वास आला. घाटाचं पहिलं वळण आठवलं.

"ह्यो माझा हाय," आई म्हणाली. "खालानं दिल्याला."

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

"वाळला म्हणाली हुतीस. कीड हुती मुळात."

"आई," मी म्हटलं, "मी मोरीत टाकला होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, दारातला तो रिकामा डबा आत आणला आणि माझ्याकडे पाठ करून एकेक मूळ धुवून लावत बसली. तासभर तरी लागला असेल. 

पुढे हिंजवडीत मी स्वतःचा फ्लॅट घेतला. दाराबाहेर आमचं आडनाव आहे, आणि हॉलमध्ये समोरच ती तसबीर आहे. मोठी करून घेतलेली, नवी. विचारणाऱ्याला मी सांगते. आता सांगायला फार धैर्य लागत नाही. गॅलरी प्रशस्त आहे, ऊन चांगलं येतं. आई राहायला आली नाही. मी दर वर्षी विचारते. "इथं माझं पाणी भरायचं असतं," असं काहीतरी ती म्हणते. पुदिन्याला पाणी घालायचं असतं, हे तिला म्हणायचं असतं. एका डब्याचे आता चार झाले आहेत. चाळीतल्या प्रत्येक दारात त्यातली मुळं गेली आहेत, विहारातल्या बायकांनी नेली आहेत. कोंढव्याहून खालाची नात आली होती, तिला आईने ओल्या फडक्यात बांधून दिली, जशी खालाने तिला दिली होती.

मीही मागितली. एका रविवारी, जेवण झाल्यावर, शक्य तितक्या सहज सुरात. म्हटलं, आई, मला थोडी मुळं दे ना, गॅलरीत लावते. पुढेच लावते, कठड्याला.

आईने चटणीचा डबा भरला, झाकण घट्ट लावलं, गळू नये म्हणून फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"चटणी ने," ती म्हणाली. "मुळं तुला कशाला? तुझ्याकडं तुळस हाय की."